तीन हजार वर्सांच्या लेकीची ओटी

कौशल्याबाईच्या हातची भुलाबाई ओळखाची असन तं पहिले नाक पाहा लागे. बाकीच्या बाया मातीचा गोळा घेत, काडीनं डोये कोरत, वरून रंग देत. कौशल्याबाई तसं नाही करे. गोळा डाव्या हातात अन् उजव्या हाताची दोन बोटं. एक चिमटा. नाक वर आलं, दोन्ही बाजूनं खड्डे पडले तेच डोये. झाली भुलाबाई. "बस, एवढंच?" असं कोणी म्हटलं तं म्हणे, "तुले बनवतांनी देवानं याच्यापेक्षा जास्त येळ नसन घेतला वं."

पिंपळझिरा म्हणजे तिचं गाव, चांदूर रेल्वेहून ऑटोनं जाचं अन् नदीच्या अलीकडं उतराचं. गावाच्या मांगं एक टेकाड हाय. सगळीकडं काळी माती अन् तिथंच तेवढी राखेवानी, म्हणून त्याले पांढरी म्हणतात. भिती पोताराले, म्हणजे सारवाले, बाया तिथूनच टोपलं भरून आणत. कौशल्याबाईची भुलाबाई बी त्याच मातीची. कोजागिरीच्या पुनवेपर्यंत पोरी रोज सांजच्याले भुलाबाईसमोर टाळ्या वाजवत गाणे म्हणतात. भुलाबाई म्हणजे माहेरी आलेली पार्वती. गाणे झाले का खिरापत. झाकलेला डब्बा कानाजवळ हालवून दाखवाचा अन् आतमंधी कोणता खाऊ हाय ते पोरीइनं ओळखाचं. मंग पुनव झाली का भुलाबाई नदीत शिरवाची, पाण्यात सोडून द्याची. माहेरपण संपलं, चाल्ली सासरी.

कौशल्याबाईचा डब्बा कोणाले ओळखू येत नसे. एका वर्सी तिनं आतमंधी केळं ठेवलं. आता केळं वाजते काय? पोरी कान लावू लावू थकल्या.

तिचं माहेर पिंपळझिऱ्यातच अन् सासर बी पिंपळझिऱ्यातच. माहेरची गल्ली सोडली, हापशी लागली, का सासर आलं. वसंतरावानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, हापशीवरच तिले पाहून घेतलं होतं. त्याच्या घरी प्यासाठी पाणी असूनही तो बादली घेऊन येई. बाकीच्या पोरी सासरी जात तं बैलबंडी सजे, ओटीत गहू, नारळ, खण पडे, माय वेशीपर्यंत रडत येई, "पोचली का निरोप धाडजो वं." कौशल्याबाई पायी गेली. माय दारातूनच बोलली, "जाय. अन् माहं चाळणं तुह्या सासूकडं राह्यलं, ते सांजच्याले घेऊन ये." ही गोष्ट ती जल्मभर सांगे अन् सगळ्याच्या आधी स्वतःच हसे. पण हसणं सरलं का एक गोष्ट नेहमी जोडे, "वेशीपर्यंत मले कोणी पोचवलं नाही बाप्पा."

वसंतराव गेला तसं ओटी भराच्या कार्यक्रमात तिले कोणी बोलवेना. वाईट कोणी बोललं नाही. नुसतं बोलावलं नाही. तिची मोठी जाऊ विमलबाई, गावातल्या साऱ्या ओट्या तिच्या हातानं. बाळंतीण असो, नवरी असो, विमलबाई पुढं. भुलाबाईच्या मूर्ती मात्र कौशल्याबाईकडूनच जात. बनवाले चाले, ओटी भराले नाही चाले. तिनं ते बी हसण्यावर नेलं. सून पौर्णिमा कधी चिडली तं म्हणे, "जाऊ दे वं, माह्या हाताचं नाक तं सगळ्याइच्या घरी जाते." पण कोण्या पोरीची पाठवणी असली का ती मांगच्या दारी जाऊन बसे अन् विनाकारण तूर निवडे. पौर्णिमानं पाह्यलेलं हाय, निवडलेलीच तूर परत निवडे.

त्या वर्सी कापसाचा दुसरा वेचा झाला अन् पांढरीवर सायबाइची गाडी आली. जुन्या काळातले लोक कसे राहात, काय खात, कोणता देव मानत हे खोदून पाहणारे लोक. त्याइची मोठी एक बाई होती, जुईली मॅडम. डोक्यावर टोपी, कंबरेले ब्रश, अन् बोलणं असं का प्रत्येक शब्द धुऊन वाळत घातलेला. गावातल्या बायाइले माती चाळाचं काम भेटलं. कौशल्याबाई पहिल्याच दिवशी गेली, संगं चंदा. चंदा म्हणजे तिची लहानपणची मैत्रीण, तिचा नवरा घरजावई म्हणून ती बी गावातच राह्यलेली.

"कौशे," चंदा चाळता चाळता म्हणे, "जल्मभर आपून ही माती फुकट उचलली. आता तेच चाळाचे पैसे देऊन राह्यले. येडे म्हणाव का शाने?"

"तू हात चालव. येडे असन तं बरंच हाय, लवकर उठणार नाही अथून."

खड्ड्यात मॅडम चमच्यानं माती काढे. एक थर, मंग दुसरा थर. पहिले फुटके मडके निघाले. मंग सारवलेली जमीन निघाली, चूल निघाली, चुलीत जळके दाणे. मॅडम वर बसलेल्या बायाइले दाखवे, "हा गहू. हा मसूर. ही बोराची आठळी. तीन हजार वर्षांपूर्वी इथे शेतकरी राहात होते, मावशी."

"म्हणजे आमच्यावानीच."

"बरंचसं तुमच्यासारखंच."

एक दिवस मॅडम चुलीजवळची सारवलेली जमीन काढत काढत खाली गेली. त्याच्याखाली एक मातीची वाटी, वर मातीचंच झाकण. मॅडमनं श्वास रोखून झाकण उचललं. आतमंधी बोटाएवढी बाई. हात नाही, पाय नाही, मातीची. अन् चिमट्यानं काढलेलं नाक.

कौशल्याबाईनं वरून वाकून पाह्यलं, अन् तिच्या हातातली चाळणी सुटली.

"ओ मॅडम! थांबा! हात नोका लावू! माही हाय ते!"

अन् उतरलीच खड्ड्यात. चपलीसंगट. वरून बाया ओरडून राह्यल्या, गाडीवाला खुशालराव चहा सोडून पळत आला.

"मावशी, आहे तिथेच उभ्या राहा," मॅडम एकदम बारीक आवाजात बोलली. "तुमच्या पायाखाली चूल आहे."

"कोठी?"

"उजव्या पायाखाली. तीन हजार वर्षांची."

कौशल्याबाईनं तो पाय वर उचलला. आता ठेवाचा कोठी ते समजेना. तशीच एका पायावर उभी.

"बगळा दिसते आमचा!" चंदा वरून.

"चंदे, तू चूप! मॅडम, ते माही भुलाबाई हाय. म्यां अन् या चंदीनं लहानपणी लपवली होती. नदीत शिरवाचं मन नाही झालं तं पांढरीत पुरली. विचारा तिले."

चंदानं बी वाकून पाह्यलं. "हो वं माय. तेच नाक."

मॅडम हसली नाही. तिनं पहिले कौशल्याबाईचा हात धरून तिले चुलीवरून उतरवलं, मंग खाली बसवलं. मंग कागदाच्या तुकड्यावर ती मूर्ती घेतली अन् नखानं हळूच वाजवली. टकटक आवाज आला.

"ऐकलंत? ही भाजलेली आहे. तुम्ही तुमची भाजली होती?"

"चुलीजवळ माय येऊ देत होती काय! नाही भाजली."

"आणि ही जमीन बघा. शेणानं सारवलेली, वर राखेचा थर, त्याच्यावर परत जमीन. कुठेही फुटलेली नाही. वरून कोणी पुरलं असतं तर ही फोडावी लागली असती. तुम्ही एवढं खोल खणलं होतं?"

कौशल्याबाईनं हातानं दाखवलं, ढोपरापर्यंत. खड्डा तं तिच्या डोक्याच्या वर होता. तिनं एकदा वर पाह्यलं, एकदा मूर्तीकडं पाह्यलं. तिले कळलं.

"मंग माही कोठी गेली?"

"कच्ची होती ना, मावशी. एक-दोन पावसाळ्यांत मातीत मिसळून गेली असेल."

कौशल्याबाईनं चिमूटभर माती बोटात चोळली. मंग म्हणते, "म्हणजे पाझरत पाझरत इच्याच अंगावर आली असन."

मॅडमनं तिले भिंग देलं. डोयाच्या खड्ड्यात बारीक बारीक रेषा दिसल्या. "हा अंगठ्याचा ठसा आहे. बनवणाऱ्याचा."

"बनवणारीचा म्हणा."

"ते मला सांगता येणार नाही. बोट बारीक आहे, एवढं खरं."

कौशल्याबाईनं आपली दोन बोटं मूर्तीच्या दोन्ही बाजूनं हवेतच धरली, हात न लावता. जशीच्या तशी बसली.

त्या दिवशी काम आटोपल्यावर मॅडमनं बायाइले मोबाइलवर फोटो दाखवले. सिंधू नदीच्या काठच्या मातीच्या देव्या. त्याच्याहून लांबच्या, जिथं दोन मोठ्या नद्या वाळवंटातून वाहतात तिथल्या. कोण्या देशात मेलेल्याच्या संगं भाकर अन् पाणी ठेवत, कोठी सूर्याले देव मानत, कोठी बैलाले. पण मातीची बाई बऱ्याच जागी. अन् कितीतरी जणीइचं नाक चिमट्याचं.

"तिकडच्या बाया आपल्या इथं शिकाले येत काय मॅडम?" चंदानं विचारलं.

"नाही, एकमेकींचं नावही त्यांना माहीत नसेल."

"दोन बोटं सगळ्याइलेच हाय वं," कौशल्याबाई म्हणते. "अन् हिचं नाव काय मंग?"

"माहीत नाही. त्या लोकांनी काही लिहून ठेवलेलं नाही. देवी असेल, घराचं रक्षण करणारी असेल, पिकासाठी पूजत असतील. नाव आपल्याला कधीच कळणार नाही कदाचित."

"एवढे वर्सं बिना नावाची? मी भुलाबाई म्हणू काय?"

"मी कागदावर तसं लिहू शकणार नाही, मावशी."

"कागदावर नोका लिहू. तोंडानं म्हणा."

मॅडमनं आजूबाजूले पाह्यलं अन् हळूच म्हटलं, "भुलाबाई." बायाइनं टाळ्या वाजवल्या.

मंग शेवटचा आठवडा आला. खड्डे बुजवाले सुरुवात झाली. मॅडमनं सांगतलं, शनवारी सगळं सामान गाडीत जाईन, मूर्ती बी. शहरात तपासणी होईन, मंग काचेत ठेवतीन. कौशल्याबाईनं ते ऐकलं अन् चाळणी खाली ठेवली.

"मॅडम, मूर्ती शहरात जाईन, त्याले माहं काही नाही. साजरं हाय. पण लेक माहेरून रिकामी जाते काय?"

"म्हणजे?"

"इची ओटी भरा लागन. अन् मी भरीन."

मॅडमनं कपाळाले हात लावला. "मावशी, तसं नाही चालत. हळद लागली की निघत नाही. कुंकू नाही, पाणी नाही. गहू-तांदूळ ठेवले की किडे. उद्या कोणी तपासलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीची हळद सापडली म्हणून गाजावाजा झाला तर माझी नोकरी जाईल."

"नारळ?"

"ती बोटाएवढी आहे! नारळाखाली सापडायची पण नाही."

"मंग चालते काय ते तरी सांगा."

"काहीच नाही. तिला फक्त मऊ काहीतरी लागेल, डब्यात हलू नये म्हणून. कापूस आणा म्हणून खुशालरावांना पाठवलं तर ते बायकोनं सांगितलेली मेथी घेऊन आले."

खुशालराव लांबून म्हणे, "मेथी बी मऊच असते मॅडम."

पण कौशल्याबाई उठून उभी राह्यली होती. "कापूस? वऱ्हाडात बसून तुमी कापूस दुकानातून आणता? लाज आणली मॅडम तुमी."

त्या सांजेले तिच्या वसरीत कापसाचा ढीग पडला. वसंतरावाच्या हातचं वावर, त्यातलाच कापूस. चंदा, पौर्णिमा अन् ती, तिघी बसल्या. एक एक बोंड घ्याचं, सरकी बोटानं काढाची, काडीकचरा वेचाचा. कौशल्याबाईले कोणतंच बोंड पसंत पडेना.

"हे पिवळं हाय."

"आई, तिले काय दिसते?" पौर्णिमा म्हणते.

"तिले नाही दिसत, पण मले दिसते ना. लेकीले पिवळ्या कापसात निजवतात काय?"

गावात गोष्ट लपते थोडीच. सकाऊन विमलबाई आल्या. चहा घेतला नाही, म्हणजे काम गंभीर होतं.

"कौशल्ये, काय आयकून राह्यली मी? तू ओटी भरून राह्यली म्हणे."

"हो जाऊबाई."

"तुले माहीत नाही काय आपल्यात काय चालते अन् काय नाही? अन् माघात भुलाबाई? कोजागिरी कोठी, माघ कोठी! देवाधरमाचं काम हाय हे. मी भरीन ओटी. तू पाट मांडजो, दिवा लावजो, गाणे म्हणजो. पण हात मी लावीन."

कौशल्याबाईनं हातातलं बोंड खाली ठेवलं. पौर्णिमाले वाटलं आता आई नेहमीसारखी हसून सोडून देईन. सोडलं असतं बी. पण तिच्या मांडीवर तो कापूस होता, रात पडेपर्यंत वेचलेला.

"जाऊबाई," ती म्हणते, "तुमी मोठ्या. तुमच्या पुढं मी कधी गेली नाही. पण हे लेक मले भेटली. खड्ड्यात मी उतरली, चुलीवर पाय मी देला, सगळ्या गावानं माहा बगळा पाह्यला. ओटी मीच भरीन."

"पाहू ना शनवारी," विमलबाई म्हणाल्या अन् गेल्या.

शनवारी दिवस कलला तसं पांढरीवर सारं गाव जमलं. खुशालरावानं गाडी पुसून ठेवली. मॅडमनं एक टेबल मांडलं, त्याच्यावर डब्बा, डब्ब्यात पातळ कागद, बाजूले ती मूर्ती. माघ असो का काही, पोरी तयार होत्या. कोजागिरीचे गाणे म्हणून झाले. मंग कौशल्याबाईनं आपलं नवं गाणं काढलं, तिथंच उभ्या उभ्या जोडलेलं.

"तीन हजार वर्सं कोठी निजली वं बाई?
पांढरीच्या पोटात निजली वं बाई.
कोण्या मायनं चिमटा घेतला वं बाई?
नाव तिचं सांगाले इसरली वं बाई!"

पोरी मांगं म्हणत, चंदा भलत्याच जागी टाळी वाजवे. मंग खिरापत. कौशल्याबाईनं डब्बा हालवला. खुळखुळ आवाज आला, अन् त्याच्यातच एक धप्प.

"शेंगदाणे!"

"नाही."

"चिवडा अन् लाडू!"

"नाही वं."

चंदानं डब्बा कानाले लावला, नाकाले लावला. "खारका."

"चंदे, एवढी श्रीमंत कधी झाली मी?"

मंग मॅडम पुढं आली. डब्बा हालवला. पुन्हा एकदा हालवला. अन् तिचं तोंडच बदललं.

"गहू," ती म्हणाली. "भाजलेला गहू. मसूर. आणि ते धप्प वाजतंय ते बोर."

कौशल्याबाईनं झाकण उघडलं. गव्हाच्या लाह्या, तेलावर परतलेली मसूर, वरून टपोरे बोरं. जे चुलीत भेटलं होतं तेच. त्या लेकीच्या माहेरचं खाणं.

आजपर्यंत कौशल्याबाईचा डब्बा कोणी ओळखला नव्हता. सारं गाव ओरडलं. मॅडमच्या डोयात पाणी अन् तोंडात बोर, दोन्ही एकदमच.

मंग ओटीची येळ झाली. कौशल्याबाईनं कापूस घेतला. तिकडून विमलबाई पुढं आल्या, नवं लुगडं, हातात हळदीकुंकवाची कोयरी.

"कोयरी नाही चालत, काकू," मॅडम घाईनं म्हणाली. "हळद-कुंकू काहीच लावायचं नाही."

"कुंकू नाही, हळद नाही, नारळ नाही. हे कोणती ओटी?" विमलबाई म्हणाल्या. "अन् भरणारी बी अशी! मॅडम, तुमीच सांगा, जुन्या लोकाइत विधवेनं ओटी भरलेली चाले काय?"

सगळे मॅडमकडं पाहाले लागले. कौशल्याबाई बी.

"मला माहीत नाही, काकू. ते लोक ओटी भरत होते का, हेच माहीत नाही. विधवा असा शब्द तरी होता का, तेही माहीत नाही. मी खोटं सांगणार नाही."

"मंग हिलेच विचारू," कौशल्याबाई म्हणते. ती मूर्तीजवळ वाकली, भिंग घेतलं, अन् लय बारकाईनं पाह्यलं. "जाऊबाई, इकडं या जरा. इचं कपाय पाहा. हाय काय कुंकू?"

विमलबाई वाकल्या. भिंगातून पाह्यलं. "नाही."

"गळ्यात काही?"

"नाही."

"हातात चुडा?"

"हातच नाही तं चुडा कोठी असन!"

"मंग माह्यावानीच हाय ना हे. चला, काढा हिले बाहेर. म्हणा, बाई, तू कोऱ्या कपायाची, देवाच्या कामात मांगं उभी राह्य."

पहिले चंदा हसली. मंग पोरी. मंग खुशालराव, मंग म्हातारे सूर्यभानबुवा, जे देवळात कधी हसत नाही ते बी. विमलबाईनं हसू दाबाचा लय प्रयत्न केला. नाक फुगलं, ओठ आत गेले, अन् शेवटी फुसकन सुटलंच.

"माय वं, हे बाई! वकील व्हाले पाहिजे होती." मंग त्याइनं कोयरीचं झाकण लावलं अन् पदर डोयावर ओढला. "मले नोका विचारू. मी डोये मिटले. म्यां काही पाह्यलं नाही."

"मिटून ठेवा जाऊबाई. पण हसणं आयकू येते."

कौशल्याबाईनं मॅडमच्या हाताखाली डब्बा धरला. पहिले कापसाची गादी. मॅडमनं पातळ कागदात मूर्ती गुंडाळून त्याच्यावर ठेवली. मंग कौशल्याबाईनं ओंजळीनं कापूस सोडला, हळू हळू, जसा ओटीत गहू सोडतात. एकदा, दोनदा, पाचदा. दरवेळेस तोंडानं काहीतरी पुटपुटे. शेवटच्या ओंजळीपर्यंत एक बोंड खाली पडलं नाही.

मॅडमनं झाकण लावलं. "इतकं चांगलं पॅकिंग मी आजवर केलं नव्हतं, मावशी."

"पॅकिंग म्हणू नोका."

"ओटी."

"हं."

गाडी निघाली. कौशल्याबाई गाडीमांगं वेशीपर्यंत चालत गेली, तिच्यामांगं चंदा, पौर्णिमा, पोरी, अन् मांगून डोये उघडून विमलबाई. वेशीवर खुशालरावानं गाडी हळू केली. कौशल्याबाई खिडकीजवळ गेली अन् मॅडमच्या मांडीवरच्या डब्ब्याले ओरडून सांगतलं, "पोचली का फोन करजो वं!"

पोरी हसू हसू खाली बसल्या. पण बत्तीच्या टायमाले खरंच फोन आला. पौर्णिमानं उचलला.

"मावशींना सांगा, भुलाबाई पोचली. अजिबात हलली नाही."

कौशल्याबाईनं फोन घेतला अन् म्हटलं, "जेवली काय?" अन् मंग स्वतःच हसाले लागली, अन् हसता हसता रडली, अन् पुन्हा हसली.

मूर्ती काचेत ठेवली तवा मॅडमनं कौशल्याबाईले अमरावतीच्या म्युझियमात बोलावलं. एसटीनं गेली, चंदाले घेऊन. काचेत ती उभी, मांगून लाइट, खाली मोठ्या अक्षरात माहिती. कौशल्याबाईनं पौर्णिमानं सांगतल्यासारखं फोटो काढला, त्यात चंदाचं डोकं आलं. मंग राखणदाराले विचारते, "कापूस कोठी हाय?" तो म्हणे, कोणता कापूस? मॅडमनं तिले आतमंधी नेलं अन् कपाटातला डब्बा उघडून दाखवला. कापूस तसाच होता. मधी बोटाएवढा खड्डा, निजणारीच्या अंगाचा.

"जागा धरून ठेवली म्हणा तिनं," कौशल्याबाई म्हणते, "परत येण्यासाठी."

त्याच्यानंतर गावात ओटी असली का कोणी ना कोणी तिले आवाज देई. पहिले चंदाच्या नातीच्या टायमाले, मंग दुसऱ्याइनं बी. कौशल्याबाई कुंकवाले हात नाही लावे, ते तिनं स्वतःच ठरवलेलं. तिची ओंजळ कापसाची. पोरी हट्ट धरत, कौशल्याआजीचा कापूस पाहिजे म्हणून. विमलबाई दरवेळेस डोये मिटत. मिटतांनी एका डोयानं पाहत.

यंदा पौषात कौशल्याबाई गेली. दुपारी जेवून निजली, ते उठलीच नाही. तोंड असं हसरं, जसं कोण्या पोरीले डब्बा ओळखू आला नाही. घर भरलं, रडणं झालं. बायाइनं तिले न्हाऊ घातलं, पांढरं लुगडं नेसवलं. आता उचलाची येळ, तवा विमलबाई मांगच्या दारानं आल्या. त्याइले आता नीट चालता येत नाही, काठी घेऊन आल्या. पदरात काहीतरी बांधलेलं. खाली बसल्या अन् पदर सोडला.

कापूस होता. सरकी काढलेला, एक काडी नाही त्यात.

"कुंकू नाही, हळद नाही, नारळ नाही," विमलबाई म्हणाल्या. "तिचीच रीत हाय." अन् ओंजळीनं तिच्या ओटीत सोडला. मंग चंदानं सोडला, मंग पौर्णिमानं, मंग पोरीइनं.

कोणीतरी म्हातारं माणूस काही बोलाले गेलं, तं विमलबाईनं मान न वळवता म्हटलं, "तुमी डोये मिटा."

बाया मसणात जात नाही, वेशीपर्यंतच जातात. सगळ्या गेल्या. जल्मभर या गल्लीतून त्या गल्लीत राह्यलेली बाई, पहिल्यांदा तिले पोचवाले एवढं गाव वेशीपर्यंत आलं. पोरं खांद्यावर घेऊन पुढं गेले, बाया थांबल्या. चंदा ओठ दाबून उभी होती. मंग तिच्यानं राहवलं नाही. हात तोंडाजवळ धरला अन् जोरात ओरडली,

"कौशे! पोचली का फोन करजो वं!"

अन् वेशीवर उभ्या सगळ्या बाया, डोये पुसता पुसता, हसाले लागल्या.